मूल ‘ढ’ नसते, त्याचे अक्षर अडते
वाचनात मागे पडणाऱ्या मुलांसाठी घरच्या घरी करता येणारी साधने



आपल्या मुलाला आपण डवरणी कशी शिकवतो, याचा कधी विचार केला आहे काय? आपण त्याला त्यावर पुस्तक वाचायला देत नाही. डवरा त्याच्या हाती देतो आणि स्वतः बाजूने चालतो. पास जमिनीत किती जाऊ द्यायची हे हातावर हात ठेवून दाखवतो, तोंडाने सांगतो, चुकले की थांबवतो आणि तेच तास पुन्हा धरायला लावतो. डोळा, कान, तोंड आणि हात अशी चारही दारे उघडी असतात. म्हणूनच बारा वर्षांचे पोरही एका हंगामात डवरा धरू लागते.

अक्षरांची गोष्ट निराळी होते. फळ्यावर अक्षर लिहिले जाते, मूल ते डोळ्यांनी पाहते आणि वहीत उतरवते. पुष्कळ मुलांना एवढे पुरते. पण प्रत्येक शाळेत काही मुले अशी असतात की त्यांना ते पुरत नाही. तोंडी हिशेबात ती पुढे असतात, गोष्ट ऐकली की जशीच्या तशी सांगतात, आणि पुस्तक उघडले की अडखळतात. अशा मुलाला गावात ‘ढ’ म्हणतात. चौथी-पाचवीपर्यंत त्याला स्वतःलाही ते पटते आणि सातवी-आठवीत ते शाळा सोडते. त्यातल्या कितीतरी मुलांच्या बुद्धीत काहीही उणे नसते. त्यांना फक्त अक्षर अडते. या अडण्याला डिस्लेक्सिया म्हणतात आणि सरकारी कागदावर ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावात त्याचा समावेश होतो.

हे नेमके काय आहे?

आपल्या जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांच्या वेळचा मोडीतला एखादा कागद असेल तर तो काढून पाहा. भाषा आपलीच आहे, शाई स्पष्ट आहे, आपले डोळेही चांगले आहेत, तरी एक ओळ उलगडत नाही. कोणी शेजारी उभे राहून ‘लवकर वाच’ म्हणून दरडावू लागला तर आपल्याला कसे वाटेल? डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला बालभारतीचा धडा पाहून तसेच काहीसे वाटते.

बोलणे माणसाला आपोआप येते. वाचणे मात्र शिकावे लागते. आपल्या कारंजा लाडच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांत शेकडो वर्षांपूर्वीच्या हस्तलिखित पोथ्या जपलेल्या आहेत. जुन्या पोथ्यांत शब्दाशब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत नसे. त्या वाचणे हे मोजक्या शिकलेल्या लोकांचेच काम होते आणि त्यासाठी वर्षानुवर्षे सराव लागे. वाचन हे असे कमावलेले कसब आहे. कानाने ऐकलेला ध्वनी आणि कागदावरची खूण यांची जोड मेंदूला बसवावी लागते. काही मुलांच्या मेंदूत ही जोड सावकाश बसते आणि तिला जास्त आधार लागतो. एवढाच त्याचा अर्थ आहे.

ही गोष्ट डॉक्टरांना सव्वाशेहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा हुशार होता, खेळात तरबेज होता, पण साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते.

हे बहुधा घराण्यातून येते. बापाला, काकाला किंवा मामाला लहानपणी वाचन जड गेले असेल तर मुलात ते दिसण्याचा संभव वाढतो. आईने गरोदरपणी काही चुकीचे केले, कुणाची नजर लागली, मूल आळशी आहे, यातले काहीही त्याचे कारण नाही. त्यावर औषध किंवा टॉनिकही नाही. स्मरणशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि बाटल्या यांवर पैसा घालू नये. रंगीत काचांच्या चष्म्याने डिस्लेक्सिया सुधारतो याचाही भक्कम पुरावा नाही. उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे शिकवण्याची रीत बदलणे.

आधी एवढे तपासून घ्या

पीक पिवळे पडले की आपण लगेच युरिया टाकत नाही. मुळाशी पाणी साचले आहे काय, कीड आहे काय, हे आधी पाहतो. मुलाच्या बाबतीतही तसेच करावे.

पहिली तपासणी डोळ्यांची आणि कानांची. फळा दिसत नसेल किंवा कान फुटून ऐकू कमी येत असेल तर वाचन मागे पडणारच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते. ते आले की मुलाचे वाचन अडते हे आवर्जून सांगावे, कारण त्यांच्या तपासणीच्या यादीत अध्ययनातील अडचणही आहे.

दुसरी गोष्ट बोलीची. आपले वऱ्हाडी मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते, ‘केळी’ला ‘केयी’ म्हणते आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते. ते तसेच लिहिले तर तो डिस्लेक्सिया नव्हे, ती घरची बोली आहे. तांड्यावरच्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलतात. त्याला शाळेतली मराठी ही दुसरी भाषा असते आणि तिला वेळ लागतो. कामासाठी स्थलांतर झाल्याने शाळा बुडाली असेल तर तेही निराळे कारण झाले.

हे सर्व वगळूनही तिसरीच्या अखेरीस पुढील खुणा एकत्र दिसत असतील तर लक्ष द्यावे. कालचे अक्षर आज विसरते. शब्दाचे पहिले अक्षर पाहून पुढचे अंदाजाने सांगते. काना, वेलांटी, उकार गाळते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत सतत घोटाळा होतो. फळ्यावरचे उतरवून घ्यायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. १२ चे २१ होतात. आणि हेच मूल तोंडी विचारले तर बरोबर उत्तर देते. ही शेवटची खूण फार महत्त्वाची आहे.

आमच्या तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनची उगवण पाहायला गेलो असताना एक कास्तकार म्हणाले, “साहेब, या पोट्ट्याच्या डोक्यात काहीच राहत नाही जी. औंदा शाळेतून काढतो अन् बकऱ्यांमागं लावतो.” मुलगा सहावीत होता. त्या वावरात दर काही तासांनंतर एक तास रिकामे दिसत होते. मी कारण विचारले तेव्हा बाप काही बोलण्याआधी मुलगाच म्हणाला, “पेरणीयंत्राची तिसरी नळी बुजली होती. प्रत्येक फेऱ्यात तिसरंच तास मोकळं आहे, मोजून पाहा.” मोजले तर तसेच होते. ज्याने ही गोष्ट वावरात चालता चालता ताडली, त्याला बियाण्याच्या पिशवीवरचा ‘सोयाबीन’ हा शब्द मात्र धड वाचता येत नव्हता.

‘शिकत नाही तर शेतीत घाल’ असे आपण सहज बोलतो. त्यात मुलाचा अपमान आहे आणि शेतीचाही. आजची शेती न वाचता होत नाही. सातबारा, पीक कर्जाचा कागद, विम्याचा अर्ज, औषधाच्या डब्यावरचे प्रमाण, हे सगळे वाचावे लागते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. मुलगा पुढे शेती करो की नोकरी करो, त्याला वाचता आलेच पाहिजे.

साधन कसे असावे?

शेतीखात्यात आम्हा विस्ताराचे काम करणाऱ्यांना तक्ते, चित्रे, नमुने कसे तयार करावे हे शिकवले जाते. त्याचे नियम मुलाच्या अभ्यासाच्या साधनांनाही तंतोतंत लागू पडतात. दोन उदाहरणे तुमच्या घरातच आहेत. बियाण्याच्या पिशवीची खूणचिठ्ठी पाहा. पैदासकार बियाण्याला पिवळी, पायाभूत बियाण्याला पांढरी आणि प्रमाणित बियाण्याला निळी असते. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणाला लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंगावरून धोका कळावा म्हणून ही योजना आहे. रंग, आकार आणि ठरलेली जागा यांनी अक्षराला हात दिला आहे.

यावरून पाच नियम ध्यानात ठेवावेत. एका साधनात एकच गोष्ट शिकवावी. अक्षर मोठे, ठळक आणि सुटे असावे, भोवती वेलबुट्टी नको. डोळ्याबरोबर कान, तोंड आणि हात यांना काम मिळावे. ओळखीच्या शब्दापासून सुरुवात करावी. आणि चूक झाली तर ती मुलाची त्यालाच कळावी व सहज पुसता यावी.

घरी करता येणारी साधने

१) धूळपाटी. आपले पूर्वज धुळाक्षरे गिरवूनच शिकले. परातीत चाळलेल्या बारीक रेतीचा बोटभर जाडीचा थर द्यावा. मुलाने दोन बोटांनी अक्षर मोठे काढावे आणि काढताना त्याचा उच्चार मोठ्याने करावा. पहिल्या दोन-तीन वेळा मोठ्या माणसाने त्याचा हात धरावा. परात हलवली की चूक नाहीशी होते, लाल शाईची खूण राहत नाही. भीती जाण्यासाठी याचा फार उपयोग होतो.

२) खरखरीत अक्षरे. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर तळहाताएवढे अक्षर बाभळीच्या डिंकाने काढावे, त्यावर कोरडी रेती भुरभुरावी आणि वाळू द्यावे. अक्षर जेथून सुरू करायचे तेथे तुरीचा एक दाणा चिकटवावा, म्हणजे हात उलट्या बाजूने जात नाही. पुढे डोळे मिटून बोटाने अक्षर ओळखण्याचा खेळ करावा. मारिया मॉन्टेसरी यांच्या बालशाळांतून काचकागदाची अक्षरे अशाच कामासाठी वापरतात.

३) सरकीचे दाणे. हा कानाचा अभ्यास आहे, त्यात अक्षर नाहीच. शब्द बोलायचा आणि प्रत्येक ठोक्याला एक सरकी मांडायची. ‘मा-ती’ला दोन, ‘दि-वा-ळी’ला तीन. मग विचारावे, ‘बैलगाडीतला बैल सोडला तर काय उरले?’ मूल हसत सांगते, ‘गाडी’. नंतर पहिला ध्वनी बदलावा. गाडी, साडी, काडी, वाडी. सुरुवातीस ज्यांत प्रत्येक अक्षराला काना, वेलांटी किंवा मात्रा आहे असेच शब्द घ्यावेत. ‘काकडी’सारखा शब्द नंतर घ्यावा, कारण तो लिहिताना अक्षरे तीन पण बोलताना ठोके दोनच येतात, काक्-डी. वाचन जड जाणारे मूल नेमके येथे गोंधळते आणि आपल्या ते ध्यानातही येत नाही.

४) सरकपट्टी. पुठ्ठ्याला बोटभर रुंदीची खिडकी पाडावी आणि खिडकीच्या उजवीकडे कानाची खूण ठळक काढावी. मागून कागदाची पट्टी सरकवावी, तिच्यावर क, म, ल, ग, त अशी अक्षरे. पट्टी सरकेल तसे का, मा, ला, गा, ता तयार होतात. प्रत्येक चिन्हासाठी निराळा पुठ्ठा करावा. अक्षर काळ्या शाईने आणि चिन्ह गेरूने काढावे. पहिली वेलांटी विशेष त्रासाची आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि बोलताना नंतर. तिच्यासाठी खाली गेरूचा बाण काढून ‘आधी क, मग इ’ असे बोट फिरवून म्हणवून घ्यावे. रफाराचेही तसेच. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’ आधी बोलतो पण तो पुढच्या ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो. रफाराची चिठ्ठी निराळी करून ती मुलाच्या हाताने ‘य’च्या डोक्यावर ठेववावी.

५) जुळ्या अक्षरांचे छप्पर. सारखी दिसणारी अक्षरे एकाच आठवड्यात शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावर दुसरे घ्यावे आणि मग फरक दाखवावा. ‘घ’वर पूर्ण छप्पर आहे, ‘ध’चे छप्पर अर्धे उडाले आहे. ‘म’वर पूर्ण छप्पर, ‘भ’चे अर्धे. ‘य’वर पूर्ण, ‘थ’चे अर्धे. ‘व’चे पोट रिकामे, ‘ब’च्या पोटात काडी. ‘प’चे पोट रिकामे, ‘ष’च्या पोटात काडी. फरकाची जागा गेरूने रंगवावी.

६) वाचनाची खिडकी. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी लांब फट पाडून तो धड्यावर ठेवावा. एका वेळी एकच ओळ दिसते, डोळे खालीवर भरकटत नाहीत. या साधनाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

७) घरचे पुस्तक. मुलाला विचारावे, ‘आज वावरात काय झाले?’ ते सांगेल ते दोन-तीन वाक्यांत, त्याच्याच शब्दांत, कोऱ्या वहीच्या एका पानावर लिहावे. अक्षर अंगठ्याच्या नखाएवढे, दोन शब्दांत दोन बोटांची जागा आणि पानावर चारच ओळी. अक्षरांमध्येही मोकळी जागा ठेवावी. इटली आणि फ्रान्समधील डिस्लेक्सिया असलेल्या मुलांवर २०१२ साली झालेल्या अभ्यासात, अक्षरे अधिक सुटी छापली असता मुले अधिक वेगाने आणि कमी चुका करून वाचतात असे आढळले. स्वतः बोललेले वाक्य मूल आवडीने वाचते. आधी बोलीतले लिहावे, आठवड्याने त्याच पानाच्या मागे पुस्तकी भाषेत लिहावे.

८) काड्यांच्या पेंढ्या. पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या काड्या सारख्या तोडून दहा-दहाच्या पेंढ्या बांधाव्यात. २१ म्हणजे दोन पेंढ्या आणि एक सुटी काडी. १२ म्हणजे एक पेंढी आणि दोन काड्या. मराठीत ‘एकवीस’ बोलताना एक आधी येतो आणि लिहिताना दोन आधी येतात, म्हणून हा घोटाळा होतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही वाचन दिले तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांना सोपे जावे हा त्यामागचा हेतू असल्याचे सांगितले होते. वाद काही असो, अडणाऱ्या मुलाला आधी ‘वीस आणि एक’ आणि मग ‘एकवीस’ असे म्हणू द्यावे.

९) बोलका धडा. थोरल्या बहिणीने किंवा भावाने इतिहास-विज्ञानाचा धडा सावकाश वाचून मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करावा. मुलाने पुस्तकावर बोट ठेवून तो ऐकावा. वाचन सावकाश सुधारेल, पण तोवर बाकीच्या विषयांचे ज्ञान का अडावे?

वर सांगितलेल्या कुटुंबात ही साधने मुलाच्या आईने आणि आत्याने मिळून केली. पत्रिका गावातूनच गोळा केल्या. सहा महिन्यांनी मुलगा सरासर वाचू लागला असे नाही. पण आपल्या वहीतले पान तो न थांबता वाचतो, पाटीवरून गावाचे नाव वाचतो, आणि शाळेत जातो. बकऱ्या संध्याकाळी राखतो.

आपल्याच राज्यातले अनुभव

परिसरातल्या वस्तूंतून शिकवणे ही नवी गोष्ट नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुलांसाठी त्यांनी खडे, शिंपले, पाने, बिया यांतूनच शैक्षणिक साधने तयार केली. ते काम डिस्लेक्सियासाठी नव्हते, पण महागड्या साधनांवाचून शिकवता येते हे त्यांनी दाखवून दिले.

बिनकाटेरी करडईमुळे फलटणच्या निंबकर संस्थेचे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्याच घराण्यातील कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हाताच्या कामातून उपचार करण्याचे, म्हणजे व्यवसायोपचाराचे, शिक्षण सुरू केले. त्यांच्या नावाची कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ साली फलटणला निघाली. भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी तेथे मराठी वाचन शिकवण्याची रीत बसवली. साऱ्या मुळाक्षरांची आधी घोकंपट्टी न करता थोडी अक्षरे आणि थोडी चिन्हे घ्यायची आणि त्यांतून लगेच अर्थाचे शब्द वाचायचे, हे तिचे सूत्र आहे. मूल पहिल्या आठवड्यापासून काहीतरी खरे वाचते, म्हणून त्याचा धीर टिकतो.

डिस्लेक्सियासाठी खास काम करणारी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था १९९६ साली मुंबईत स्थापन झाली. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात पाहणे, ऐकणे, बोलणे आणि हाताने करणे यांची सांगड घालणारी पद्धत रचली होती. तिचेच तत्त्व आज जगभर वापरले जाते. आपण डवरा शिकवतो ती हीच पद्धत होय. २००७ च्या अखेरीस आलेला ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. पाचगणीच्या शाळेत चित्रित झालेल्या त्या चित्रपटात शिक्षक मुलाला रेतीत आणि मातीत अक्षरे करायला लावतात. ते केवळ नाटक नव्हे, खरी रीत आहे.

कायद्याने काय मिळते?

महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात झाली. पुढे अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यातील २१ प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. अशी मुले शाळेने लवकरात लवकर ओळखावीत आणि त्यांच्यासाठी योग्य रीतीने शिकवावे, असे हा कायदा सांगतो. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचाही त्यात उल्लेख आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे यास बंदी आहे.

यासाठी प्रमाणपत्र लागते. ही तपासणी साधारण आठव्या वर्षानंतर करतात, कारण त्याआधी लहान मुलांच्या चुका नैसर्गिकच असतात. प्रथम वर्गशिक्षकांना भेटावे. मग पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणाऱ्या विशेष शिक्षकांकडे चौकशी करावी. तेथून आणि वाशीमच्या जिल्हा रुग्णालयातून तपासणी कोठे होईल हे समजते. जाताना मुलाच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या आणि गुणपत्रके बरोबर न्यावीत. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर धावपळ करू नये. पाचवी-सहावीतच हे काम सुरू केलेले बरे. ‘अक्षमता’ हा शब्द पाहून मुलीचे लग्न कसे जमेल, लोक काय म्हणतील, अशी काळजी काही घरांत होते. पण दाखला नसल्यामुळे परीक्षा बुडाली तर ते नुकसान जन्मभराचे असते.

रोजची आखणी

दिवसाला वीस मिनिटे पुरेत, पण ती रोज हवीत. आठवड्यातून एकदा दोन तास बसवून उपयोग नाही. ठिबकाने जसे थोडे थोडे आणि मुळाशी पाणी देतो तसे हे आहे. पहिली पाच मिनिटे सरकीचा खेळ, पुढची पाच धूळपाटी, मग पाच मिनिटे सरकपट्टी किंवा अक्षरांच्या चिठ्ठ्या, शेवटची पाच घरचे पुस्तक. आठवड्याला दोन किंवा तीनच नवी अक्षरे घ्यावीत आणि जुन्यांची उजळणी रोज करावी. मूल थकले, चिडले तर तेथेच थांबावे. जे त्याला येते त्यावरच दिवसाचा शेवट करावा.

शंभर वेळा लिहून काढण्याची शिक्षा देऊ नये, कारण चुकीचे अक्षर शंभर वेळा लिहिले तर ते पक्के होते. धाकट्या भावाशी तुलना करू नये. पाहुण्यांसमोर वाचून दाखव म्हणू नये. शिक्षकांना विनंती करावी की वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली तर ओळ आदल्या दिवशी सांगावी, म्हणजे मूल घरून तयार होऊन येईल.

कदाचित हे मूल जन्मभर थोडे सावकाश वाचेल. काही बिघडत नाही. पेरणी झाली की मशागत आपल्या हाती, उगवण आपल्या वेळेने होते. येत्या रविवारी घरातल्या जुन्या पत्रिका काढा, बाभळीचा थोडा डिंक आणा, नाल्यातली रेती चाळून घ्या. पहिले अक्षर मुलाच्या स्वतःच्या नावातले असू द्या.